वाढते ऊन आणि कुशीतला अंकुर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. सेवानिवृत्त शिक्षक बोलावयास उभा राहिला म्हणजे तो शिक्षणाचे महत्त्व, हुंडा अथवा व्यसनमुक्ती यांपैकी एखाद्या विषयावर बोलणार, अशी श्रोत्यांची अटकळ असते आणि ती बहुधा खरीही ठरते. आज मात्र आम्ही निराळा विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. वर्षानुवर्षे वाढत चाललेल्या उष्म्याचा संतती होण्यावर, आणि विशेषतः गर्भारपणाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांवर काय परिणाम होतो, हा तो विषय होय.

भरसभेत, लेकीसुनांसमक्ष, एका वृद्ध पुरुषाने हा विषय काढावा काय, असा प्रश्न काहींच्या मनात उभा राहील. शाळांतून प्रजननाचा धडा ‘घरी वाचा’ असे सांगून पुढे जाण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही, आणि घरी तर तो कोणीच वाचीत नाही. तेव्हा त्याचे वाचन कोठे तरी व्हावयास हवे. आम्ही मॅट्रिक झालेले शिक्षक आहोत, वैद्य नव्हे. जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतले, तेवढेच सांगणार आहोत. औषधपाण्याचा सल्ला ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

उष्मा वाढला आहे, हे खानदेशच्या माणसास पटवून देण्यासाठी पुराव्याची आवश्यकता नाही. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा पंचेचाळीसाच्या आसपास जाणे हे आपणांस नवे नाही. नवे आहे ते असे की, पूर्वी असे दिवस मोजके असत आणि रात्री अंगणात बाज टाकली म्हणजे पहाटेस पांघरूण ओढावे लागे. आता रात्रही तापलेली असते. भारतीय हवामान खात्याच्या नोंदी १९०१ पासूनच्या आहेत आणि त्या सर्व वर्षांत २०२४ हे वर्ष आपल्या देशात सर्वांत उष्ण ठरले. जगाच्या सरासरी तापमानाने त्याच वर्षी, कारखानदारीच्या पूर्वीच्या काळाशी तुलना करता, दीड अंशाची मर्यादा प्रथमच ओलांडली. दीड अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आपल्या अंगात दीड अंश सेल्सियस ताप चढला म्हणजे आपण अंथरूण धरतो, हे ध्यानात घ्यावे.

आता मूळ विषयाकडे वळू, आणि तेही शेतातून व गोठ्यातून. कारण आपल्या समाजाचे निम्मे ज्ञान तेथलेच आहे.

भाताचे पीक फुलोऱ्यावर असताना हवा पस्तीस अंशांच्या वर तापली, तर परागकण निकामी होतात आणि लोंबीत दाण्याऐवजी पोचट टरफले राहतात. फुलोऱ्याच्या वेळची तासाभराची कडक उष्णताही त्यास पुरते. टोमॅटो लावणाऱ्यांना उन्हाळ्यातील फूलगळ ठाऊक आहे. झाड हिरवेगार असते, पाणी भरपूर असते, खतही दिलेले असते. आणि तरीही फळ धरीत नाही. झाड जगविण्यास जी उष्णता चालते, ती बीज धरण्यास चालत नाही.

म्हशीचे उदाहरण तर घरोघरचे आहे. म्हशीची कातडी काळी, अंगावर केस विरळ, घामाच्या ग्रंथी थोड्या. त्यामुळे तिला ऊन सोसत नाही. चैत्र-वैशाखात ती माजावर आलेली ओळखूच येत नाही. पशुवैद्य याला मुका माज म्हणतात. संकरित गाय ऐन उन्हाळ्यात भरवली तर पुन्हा पुन्हा उलटते. रेतनानंतरच्या पहिल्या काही दिवसांत गर्भ इतका कोवळा असतो की आईच्या अंगातील उष्णता त्यास मानवत नाही. वळूचे वीर्यही उन्हाळ्यात खालावते. हे सर्व आपले शेतकरी जाणतात, आणि म्हणून म्हशीला दुपारी डोहात सोडतात, डोह नसेल तर अंगावर पाणी ओततात, गोठ्याच्या पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्या पसरतात. गाय उलटली म्हणून तिला कोणी अवलक्षणी म्हणत नाही. ‘उन्हाळा आहे, पाऊस पडू द्या’ असे म्हणतात. ही समज आपणांस गोठ्यात असते. घराचा उंबरठा ओलांडताना ती कोठे जाते, हेच आम्हांस आज विचारावयाचे आहे.

प्रथम पुरुषांविषयी बोलू, कारण या बाबतीत त्यांचे नाव बहुधा शेवटी निघते. पुरुषाचे अंड निसर्गाने शरीराबाहेर ठेवले आहेत, ते उगाच नव्हे. शुक्रजंतू तयार होण्यासाठी शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश कमी उष्णता लागते. ती मिळाली नाही की त्यांची संख्या घटते, चाल मंदावते. एक शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे वैशाखात लागलेल्या उन्हाची किंवा आलेल्या मोठ्या तापाची झळ श्रावणापर्यंत पुरू शकते. भट्टीसमोर उभे राहणारे, बॉयलरजवळ काम करणारे, तासन् तास मालमोटार चालविणारे असे आपल्या समाजातील कित्येक तरुण आहेत. सुरतेच्या रंगाईच्या कारखान्यांत गेलेले तर गावोगावचे आहेत. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत कारण पुरुषाकडे, एकट्याकडे अथवा दोघांकडे मिळून, असते असे वैद्यक सांगते. तरीही दुसऱ्या लग्नाची भाषा निघते ती सुनेला दाखवून. पुरुषाची तपासणी सोपी आणि स्वस्त असते. ती आधी करावी, एवढे सांगून आम्ही पुढे जातो.

स्त्रीच्या बाबतीत गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि तेथे थोडे सावकाश जावयास हवे.

गर्भ राहिला म्हणजे स्त्रीच्या अंगातील उष्णता किंचित वाढते; शरीराचे काम वाढलेले असते. अशा वेळी बाहेरही ऊन असले, तर शरीर दोन उपाय करते. रक्त कातडीकडे वळविते आणि घाम काढते. जे रक्त कातडीकडे गेले ते गर्भाशयाच्या वाट्याचे कमी झाले. घामावाटे पाणी गेले आणि ते भरून निघाले नाही, तर एकूण रक्ताचेच प्रमाण घटते. गर्भ जरा मोठा झाला म्हणजे त्याचे तापमान आईपेक्षा सुमारे अर्धा अंश अधिक असते आणि ती जादा उष्णता तो आईच्याच रक्ताच्या द्वारे बाहेर टाकतो. आईच तापली तर त्या उष्णतेला जावयास वाट राहत नाही.

याहून महत्त्वाचे आहेत ते अगदी आरंभीचे दिवस. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या बारीक नळीतून घडतो, ती नळी गर्भधारणेपासून सुमारे अठ्ठावीस दिवसांत मिटते. तोपर्यंत पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ मुलींना आपणांस दिवस गेले आहेत याचा पत्ताही नसतो, किंवा शंका असली तरी त्या कोणास सांगत नाहीत. या अवधीत आईस मोठा ताप आला, तर ती नळी नीट न मिटण्याचा धोका वाढतो, असे दिसून आले आहे. त्या दोषावर फॉलिक आम्लाची गोळी हा उत्तम प्रतिबंध आहे. पण ती दिवस राहण्यापूर्वीपासून घ्यावयाची असते. जागतिक आरोग्य संघटना रोज ४०० मायक्रोग्रॅम सांगते, तेही मूल हवे असे ठरविल्यापासून. आपल्याकडे ती बहुधा नाव नोंदविल्यानंतर हातात पडते, आणि तोवर ती नळी मिटून गेलेली असते. लग्नाच्या याद्यांत भांड्याकुंड्यांची शंभर नावे असतात. त्यांत या दहा-वीस रुपयांच्या गोळ्यांना जागा मिळण्यास हरकत नसावी.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाही तर आमच्या बोलण्याने उगाच भीती पसरेल. हवेचे तापमान आणि अंगाचे तापमान या दोन गोष्टी एक नव्हेत. निरोगी शरीर घाम गाळून आपली उष्णता सांभाळते, आणि उन्हाळ्यात राहिलेले असंख्य गर्भ सुखरूप जन्मास येतात; या सभेतील कित्येक जण त्याचा पुरावा आहेत. धोका केव्हा वाढतो? ऊन, अंगमेहनत आणि पाण्याची टंचाई ही तिन्ही एकत्र आली म्हणजे. आणि ती एकत्र येतात ती गरीब घरच्या तरुण स्त्रीच्या वाट्यास.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. आपल्याच देशात, तामिळनाडूत, चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ पासून आठशे गर्भवती स्त्रियांची पाहणी केली. शेतमजुरी, वीटभट्ट्या, मिठागरे अशा ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रिया त्यांत होत्या. ज्या स्त्रियांना कामाच्या जागी मर्यादेबाहेर ऊन सोसावे लागे, त्यांच्यांत गर्भ जाण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले. हा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशाच कष्टकरी स्त्रियांची दुसरी पाहणी पश्चिम आफ्रिकेतील गांबिया देशात झाली. तेथे ब्याण्णव गर्भवती शेतकरी स्त्रियांना त्या शेतात राबत असतानाच तपासले. उष्णतेचा ताण एका अंशाने वाढला की गर्भाची नाडी व नाळेतील रक्तप्रवाह बिघडण्याची शक्यता सतरा टक्क्यांनी वाढली. आईची स्वतःची दमछाक हिशेबात धरून वजा केली, तरीही गर्भावरचा परिणाम पुरता गेला नाही. म्हणजे आई ‘मला काही होत नाही’ म्हणत असली, तरी आत काही होत नाही असे धरून चालता येत नाही. अमेरिकेतील सहा हजारांवर स्त्रियांच्या आठ वर्षांच्या नोंदींतही आठ आठवड्यांच्या आतील गर्भस्राव फेब्रुवारीअखेरच्या मानाने तेथल्या उन्हाळ्यात, ऑगस्टअखेरीस, चव्वेचाळीस टक्के अधिक दिसले. ऋतूशी असलेला हा संबंध एकट्या उन्हाचाच आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण वाऱ्याची दिशा कळते.

सर्वच गर्भ उन्हाने जातात असा याचा अर्थ कोणी करू नये. आयुर्वेदाने चौथ्या महिन्यापर्यंत जाणाऱ्या गर्भास गर्भस्राव आणि पुढे गर्भपात अशी दोन निराळी नावे दिली आहेत. असा आरंभीचा स्राव कळून आलेल्या दर शंभर गर्भांपैकी दहा ते वीसांचा होतो, आणि त्यांतील निम्म्या-अधिकांत मुळातच बीजाची जुळणी बिघडलेली असते. त्यावर कोणाचाच इलाज नाही, आणि त्यात कोणाचा दोषही नाही. आमचे म्हणणे जे टाळता येण्यासारखे आहे त्यापुरतेच आहे.

आता आपल्या घरांतील रीत पाहू. आपली बहुतेक लग्ने वैशाख-ज्येष्ठात होतात. नवी सून घरात येते तीच मुळी कडक उन्हात. सासरी आल्यावर कामाला ‘नाही’ म्हणण्याची तिची प्राज्ञा नसते. कांद्याची काढणी चालू असते; बायका दिवसभर वाफ्यात वाकून बसलेल्या असतात. घरी कुरडया, पापड, शेवया यांची धांदल असते आणि वाळवणे राखण्यास ऐन दुपारी गच्चीवर धाडावयाचे कोणास, तर घरातील सर्वांत तरुण बाईस. संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत चूल अथवा गॅस. शेतात आडोसा नाही, म्हणून ती पाणीच कमी पिते. याविषयी ती बोलत नाही, आपणही विचारीत नाही. आणि अशा वेळी तिला दिवस गेले, तर तीन महिने कोणास सांगावयाचे नाही, दृष्ट लागते! ज्या तीन महिन्यांत तिला सावलीची सर्वांत अधिक गरज, नेमके तेच तीन महिने आपण तोंड मिटून घालवितो. चौथ्या महिन्यात बातमी फुटते, मग डोहाळे पुरविले जातात, जड उचलू देत नाहीत. सरकारची मातृत्व अभियानातील दर महिन्याच्या ९ तारखेची तपासणीही चौथ्या महिन्यापासूनच्या गर्भवतींसाठी आहे. पहिल्या तीन महिन्यांत तिला सांभाळावयाचे ते घरानेच.

आणि गर्भ गेला तर? ‘पपई खाल्ली असेल’, ‘तीळ खाल्ले असतील’, ‘हिच्या अंगातच उष्णता आहे’. ही भाषा आम्ही चाळीस वर्षे गावोगावी ऐकत आलो. उष्णता गर्भास बाधते, हे आपल्या समाजास ठाऊक आहे याचे नवल वाटते. परंतु ती उष्णता आपण ताटात शोधीत बसतो. पपईची फोड कपाटात दडवितो आणि सुनेला बारा वाजता कांद्याच्या वाफ्यात पाठवितो. तोंडावरून घाम निथळत असतो तो कोणाच्या डोळ्यास दिसत नाही.

तीन महिने बातमी राखण्याची चाल मोडा, असे आम्ही म्हणत नाही. सांगावे की न सांगावे हा त्या मुलीचा अधिकार आहे. उपाय याहून सोपा आहे. फाल्गुनापासून मृगापर्यंत घरातील कोणत्याही नवविवाहितेने, बातमी असो वा नसो, सकाळी अकरा ते चार उन्हात काम करावयाचे नाही, असा घराचा नियमच असावा. कोणास काही विचारावे लागत नाही आणि कोणास काही सांगावे लागत नाही. वाळवणांस सासऱ्याने बसावे. आम्ही बसतो, वर्तमानपत्र तेथे उत्तम वाचून होते. शेतात निघताना तिच्या हाती पाण्याची स्वतंत्र बाटली असावी, ताक-मीठ असावे, आणि बांधावर चार पऱ्हाट्यांचा आडोसा असावा. ताप आला तर ‘उन्हाचा आहे, उतरेल’ म्हणून दुखणे अंगावर काढू देऊ नये; त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, आणि पाळी चुकली असल्यास तसे डॉक्टरांस सांगावे.

खानदेशच्या लोकांस तर हे अवघड वाटू नये. आपली आखाजी कशाचा सण आहे? अक्षय्य तृतीयेस, ऐन वैशाखात, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात आणि सावलीत बसतात. पूर्वजांना शरीरशास्त्र ठाऊक होते म्हणून त्यांनी ही चाल पाडली, असा दावा आम्ही करणार नाही; असले दावे हल्ली फार स्वस्त झाले आहेत. परंतु वर्षातील सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत तरुण स्त्रीस कष्टांतून सुटका देणारा सण आपल्यापाशी आहे, एवढे खरे. हल्ली तो दोन दिवसांवर आला आहे. लेकीस नेण्यास भाऊ येतो आणि ‘कामे खोळंबली आहेत’ म्हणून सासरची माणसे त्यास रिकामा परत धाडतात, हे प्रसंग आपणां सर्वांच्या पाहण्यातले आहेत. आखाजीचे निदान पंधरा दिवस लेकीस मिळावे, अशी आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे.

मंडळापुरत्याही दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली सामुदायिक विवाहाची. गेली काही वर्षे तो सोहळा वैशाखात भर दुपारी होतो. नवऱ्या मुली भरजरी शालू नेसून मंडपात तास तास उभ्या असतात; मंडप कापडाचा, वारा बंद, पुढाऱ्यांची भाषणे लांबतात. पंगतीस वाढणाऱ्या आणि चुलाणापाशी राबणाऱ्या स्त्रियांत कोणास दिवस गेले आहेत हे कोणास ठाऊक असते? गोरज मुहूर्त शास्त्रमान्य आहे. मुहूर्त सायंकाळचा धरावा, अथवा सोहळाच माघात घ्यावा, आणि भाषणे बंद करावीत. शेवटची सूचना काहींना आवडणार नाही.

दुसरी गोष्ट छपराची. अहमदाबादेस २०१० च्या मे महिन्यात उष्णतेची मोठी लाट आली होती. तेथील शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता. उन्हाने आजारी पडून नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात येणाऱ्या अर्भकांची संख्या तेव्हा फार वाढली. पुढे बाळंतिणींचा कक्ष खालच्या मजल्यावर हलविताच ही संख्या जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटली. ना नवे औषध, ना नवे यंत्र. माथ्यावरचे तापलेले छप्पर तेवढे दूर झाले. त्याच शहराने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाची योजना आखली आणि पुढे गरिबांच्या घरांची छपरे पांढऱ्या रंगाने रंगविण्याचे काम हाती घेतले. पांढरे छप्पर ऊन परतवून लावते आणि खोली काही अंशांनी निवते.

आपल्या मंगल कार्यालयाचे छप्पर पत्र्याचे आहे. त्याच्याच खाली स्वयंपाकघर आणि स्त्रियांची उतरण्याची खोली आहे. एप्रिलच्या दुपारी तेथे उभे राहून पाहावे. फाल्गुन लागण्यापूर्वी त्या छपरास पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत, असा ठराव कार्यकारिणीने करावा. रंगाचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. शिडीवर चढण्याचे काम मात्र समोर बसलेल्या तरुण मंडळींनी करावयाचे आहे. त्यांनी आपली नावे चिटणीसांकडे आजच द्यावीत.